आठ नंबरची जर्सी

"गोल मारायला पुष्कळ जण आहेत, मारता येईल असा चेंडू द्यायला कोणीतरी पाहिजे," इलियास एकदा म्हणाला होता. आठ वर्षांत खेळाबद्दल तो एवढंच बोलला.

तो मादागास्करचा. आजा कच्छहून तिकडे गेलेला, हा माजुंगा बंदरात वाढलेला. गोदी कामगारांच्या संघात मधल्या फळीत खेळायचा. देशाच्या संघाच्या निवडीला बोलावणं आलं, त्याच आठवड्यात गुडघा सुजला. ते तिथंच राहिलं. शहात्तर साली तो लेथ चालवायला बहरीनला आला आणि सलमाबादच्या वर्कशॉपच्या, बहुतेक मराठी पोरांच्या संघात शिरला. घरची गुजराती, त्यामुळे मराठीही लवकर उचलली.

मैदान म्हणजे जळकं ऑइल शिंपडून, रोलर फिरवून बसवलेली वाळू. वारा सुटला की उंच मारलेला चेंडू भलतीकडेच जाई. इलियासने पहिल्याच शुक्रवारी चेंडू जमिनीवर उतरवला. आधी मान वळवून बघायचं, मग चेंडू घ्यायचा, आणि लगेच देऊन टाकायचा.

"हा म्हातारा स्वतः पळत नाय, आपल्याला पळवतो!" पुढे खेळणारा वसईचा बर्नार्ड ओरडे. गोलही तोच मारी.

मॅचआधी चुन्याच्या रेघा मात्र इलियासच ओढायचा. दोरी न लावता, सरळ.

चौऱ्याऐंशीत संघ फायनलला पोचला. इलियास तेव्हा एकोणचाळीसचा. हाफटाइमनंतर पाय ओढायचा. त्याच्या जागेला कोकणातला गणपत तयार होता. संघ निवडायचा अँब्रोजने. तोही वसईचा, ऑफिसात टाइमकीपर. काय करायचं ते त्याला कळत होतं, पण सांगवत नव्हतं. पंधरवडाभर त्याने इलियासपासून तोंड चुकवलं. शेवटी टाइमकीपरला सुचेल तेच केलं: फायनलच्या दिवशी, शुक्रवारच्या सुट्टीतल्या शिफ्टच्या यादीत इलियासचं नाव घातलं. ड्युटी लागली की खेळायचा प्रश्नच नाही. सांगायचं काम कागदाने करावं.

गुरुवारी दुपारी कागद ऑफिसच्या फळ्यावर लागला. तासाभरात इलियास ऑफिसात आला. अँब्रोजने रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

"काय करू, इलियासभाय, वरून ऑर्डर आली..."

"खोटं बोलताना तू कान खाजवतोस," इलियास म्हणाला. "सगळ्या वर्कशॉपला माहीत आहे."

अँब्रोजने हात खाली घेतला.

इलियासने काखेतलं पुडकं टेबलावर ठेवलं. आठ नंबरची जर्सी, धुतलेली, इस्त्री केलेली. अँब्रोजने ती उलगडली. दोन्ही बाजू आत घेऊन शिवल्या होत्या. इलियासच्या रुंद अंगाला ती आता झालीच नसती.

"गणपत म्हणजे काडी. ढगळ जर्सीत वारा भरतो," इलियास म्हणाला. "तीनदा उसवली. महिना गेला."

"महिना?"

"तू तोंड चुकवायला लागलास, त्याच्या आधीपासून. त्याला सांग, चेंडू यायच्या आधी मान वळव. बाकी त्याला येतं."

अँब्रोजचे कान तापले. मग त्याला हसूच फुटलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. त्याने फळ्यावरचा कागद ओढून काढला आणि इलियासच्या नावावर रेघ मारली. ती वाकडी आली.

"ड्युटी खलास. उद्या येशील ना, इलियासभाय?"

इलियासने त्या रेघेकडे पाहिलं, जीभ टाळूला लावून च्च केलं. दारामागची चुन्याची बादली उचलली आणि मैदानाकडे निघाला.