क्विटोची भौगोलिक कारणे

"हे बघितलंत का?" असं म्हणून काका थांबायचे. उजव्या हाताचं बोट कुठंतरी रोखलेलं, डावा हात कठड्यावर. मग आम्ही सगळे थांबायचो आणि बोटाच्या दिशेनं बघायचो. तिथं बघण्यासारखं बहुधा काही नसायचं. एखादी गाडी, गाडीवर गोठलेला बर्फ, फार तर दुसऱ्या राज्याची नंबरप्लेट. "ओहायोहून आलाय. एवढ्या बर्फात!" काका म्हणायचे आणि आम्ही माना डोलवायचो. तोवर एखादं मिनिट जायचं आणि पुढच्या मजल्याचा जिना सुरू व्हायचा.

हे सगळं नेपरव्हिलच्या डाउनटाउनमधल्या एका पाच मजली पार्किंगमध्ये चालायचं, दर रविवारी सकाळी, आणि तेही जानेवारीत. आमच्या इलिनॉयमध्ये उंच म्हणून काय, तर हायवेवरचा पूल. नऊ हजार फुटांवरच्या गावाची तयारी करायची तर कुठं करणार? काकांनी पार्किंगचे जिने शोधून काढले. चार खेपा वर, चार खेपा खाली. थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर जॅकेट अशी आमची वरात बघून गाडी घ्यायला आलेले गोरे लोक "एव्हरीथिंग ओके?" असं विचारायचे. काका त्यांना म्हणायचे, "वुई आर गोइंग टु क्विटो." तो माणूस मग घाईनं गाडीत बसायचा.

क्विटोचं वेड काकांना साताऱ्याच्या शाळेत लागलं. तुम्हीही ते प्रश्न लिहिले असतील. भौगोलिक कारणे द्या. क्विटो येथे वर्षभर आल्हाददायक हवामान असते. विषुववृत्त म्हणजे घामाच्या धारा, पण हे गाव अँडीजच्या कुशीत इतक्या उंचावर बसलंय की तिथं बाराही महिने वसंत. काकांनी लिहिलेलं उत्तर मास्तरांनी वर्गात वाचून दाखवलं होतं. आपण असली उत्तरं पेपर देऊन बाहेर पडलो की विसरतो. काका विसरले नाहीत. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस कुणाच्याही बार्बेक्यूत, कुणाच्याही बारशात विषय तिथं आणून सोडायचा. "कारण मी दिलं, मार्क मास्तरांनी दिले. आता एकदा जाऊन उत्तर बरोबर होतं का ते बघायचं."

जन्मभर त्यांनी सरकारी पुलांचे आराखडे तपासले होते. कागद हातात आला की आधी कोपऱ्यातली तारीख बघायची, मग बाकीचं. रेस्टॉरंटचं मेन्यूकार्डसुद्धा ते तसंच बघत. आम्ही हसायचो.

काका-काकू आमच्या तीन घरं पलीकडे राहायचे. काकूंबद्दल मला थोडक्यात सांगता यायचं नाही. माझी मुलगी मिहिका झाली तेव्हा व्हिसाच्या घोळात माझ्या आईला येता आलं नाही. काकू सकाळी सातला यायच्या, बाळाला न्हाऊ-माखू घालून, मला गरम जेवायला घालून मगच घरी जायच्या. सलग चाळीस दिवस. पुढं मिहिकाची स्कूल बस आमच्या नाही, काकूंच्या दारात थांबायला लागली. या देशात मला माहेर होतं ते तीन घरं पलीकडे.

काकांच्या हृदयात दोन स्टेंट होते, त्यामुळे काकूंचा क्विटोला सक्त विरोध. "तुम्हाला वसंत पाहिजे ना? मे महिन्यापर्यंत थांबा, मागच्या अंगणात येतो," असं त्या ऐकवायच्या. त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेले, बरोबर जाणं शक्यच नव्हतं. शेवटी काका एक दिवस डॉक्टरचं पत्र घेऊन आमच्या किचनमध्ये आले. काकू सोबत होत्याच.

"फिट फॉर ट्रॅव्हल. वाच," असं म्हणून त्यांनी कागद माझ्यापुढं धरला.

मी आयटीतली बाई. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधण्याचा पगार घेते. पण घरातल्यासारखं मोठं माणूस कागद पुढं धरतं तेव्हा आपण तो हातात घेऊन तपासत बसत नाही. ते उद्धटपणाचं वाटतं. मी दुरूनच दोन ओळी वाचल्या आणि म्हटलं, "बघा काकू, डॉक्टर हो म्हणतायत."

काकू माझ्याकडे वळल्या. "तू जाणार असशील तर जाऊ देते. एकटे नाही. तू नजर ठेवशील ना ग?"

"मी आहे ना काकू," मी म्हटलं.

पार्किंगवाल्या मंडळींपैकी एकेक जण गळत गेला. कुणाची सुट्टी कॅन्सल झाली, कुणाच्या घरी पाहुणे आले. एप्रिलमध्ये विमानात बसलो ते तिघंच, काका, मी आणि माझा नवरा नितीन. मिहिका काकूंकडे राहिली.

क्विटो बघताना काकांना बघायला हवं होतं तुम्ही. पहिल्या सकाळी हॉटेलच्या दारात उभे राहून त्यांनी हात बाहेर काढला, तळवा वर करून, देवळात तीर्थ घेतात तसा. ऊन होतं आणि ऊन लागत नव्हतं. "आल्हाददायक," ते म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे. मग जुन्या गावातल्या दगडी गल्ल्या, पांढऱ्या भिंती, आतून सोन्यानं मढवलेलं एक चर्च, चौकात बुटांना पॉलिश करत बसलेले म्हातारे. प्रत्येक गल्ली एक तर चढाची, नाही तर उताराची. दर वीस पावलांवर "हे बघितलंत का?" आणि इथं खरोखरच काहीतरी बघण्यासारखं असायचं. बाल्कनीतली जिरेनियम, ढगातून निम्मा बाहेर आलेला डोंगर. मी मनात म्हटलं, किती हौशी माणूस आहे हा.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या चर्चच्या मनोऱ्यावर जायचं काकांनी ठरवलं. मी म्हटलं, "काका, खालूनच बघू. कालच खूप चाललात." नितीननंही सांगितलं. "पाच मजले चार वेळा चढलोय मी," असं म्हणून काका पुढं झाले. वर पन्हळींच्या टोकांना, जुन्या चर्चवर असतात त्या दगडी राक्षसांच्या जागी, कासवं आणि घोरपडी कोरलेल्या आहेत. काकांनी कठडा धरला, बोट वर केलं. "हे बघि—" म्हणाले आणि पायरीवर बसले. बसले ते कुशीवर कलंडले. ओठ जांभळे पडले होते.

त्या क्षणी मला कळलं की हा माणूस कधीच काही दाखवत नव्हता. पार्किंगमधल्या पहिल्या रविवारपासून तो श्वास गोळा करत होता, आणि आम्ही नंबरप्लेटी वाचत होतो.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीला बऱ्यापैकी इंग्रजी येत होतं. फुप्फुसांत पाणी भरलंय, औषधं कोणती घेतात ते दाखवा, असं ती म्हणाली. मी काकांचं कमरेचं पाकीट उघडलं. गोळ्यांच्या पट्ट्यांभोवती एक कागद गुंडाळलेला होता. शिकागोच्या हार्ट स्पेशालिस्टचं पत्र, आम्ही निघायच्या तीन आठवडे आधीचं. हृदयाची ताकद कमी झाली आहे, उंचावरच्या ठिकाणी जाऊ नये. 'जाऊ नये'खाली डॉक्टरनं पेनानं रेघ मारली होती. मग किचनमध्ये मला दाखवलेलं पत्र? तेही पाकिटातच होतं, तीन वर्षांपूर्वी भारतात जाताना घेतलेलं. आता मला आठवलं, कागद धरताना काकांचा अंगठा वरच्या कोपऱ्यावर होता. तारखेवर.

तिसऱ्या दिवशी नाकातली नळी सांभाळत काकांनी माझा हात धरला. "हिला सांगू नकोस पत्राचं. मी सांगतो. घरी गेल्यावर मी स्वतः सांगतो. शब्द देतो."

"नक्की सांगाल ना? काकूंनी माझ्या भरवशावर पाठवलंय तुम्हाला."

"माझ्या आईची शप्पथ."

आठवड्यानं आम्ही शिकागोला उतरलो. व्हीलचेअरमध्ये काका, मागे आम्ही दोघं. काकू टर्मिनलच्या दाराशी उभ्या होत्या, कित्येक रात्री झोप न झालेल्या माणसाच्या चेहऱ्यानं. "अहो, कशाला चढलात तिथं?" त्या म्हणाल्या.

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. खाली आपल्या बुटांकडे बघत ते म्हणाले, "मी नकोच म्हणत होतो. हिनं आग्रह केला. वरून छान दिसतं म्हणाली."

नितीन एकदम पुढं झाला. "काका, काय बोलताय—" मी त्याचं मनगट दाबलं. एअरपोर्टवर, व्हीलचेअरभोवती, कशाला तमाशा? घरी गेल्यावर सांगतील. शब्द दिलाय.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पहिल्यांदाच भेटलेल्या बाईकडे बघावं तसं बघितलं.

पुढच्या आठवड्यात काकूंनी माझे डबे परत पाठवले. वर्षानुवर्षं आमच्या दोन घरांत फिरणारे स्टीलचे डबे. काही नाही तर चमचाभर साखर तरी घालून द्यायचा, रिकामा डबा परत करायचा नाही, हे मला काकूंनीच शिकवलं होतं. चारही डबे घासून, पुसून, कोरडे रिकामे आले. मिहिकाच्या बसचा स्टॉप बदलला. "व्हाय कान्ट आय गो टु आजीज?" ती विचारायची. मी सांगायचे, काकांना बरं नाहीये. "बट ही वॉज आउटसाइड. ही वेव्हड् ॲट मी." हो, हात मात्र करायचे काका. मजेत हात करायचे.

मी दोन वेळा त्यांना गाठलं. एकदा इंडियन ग्रोसरीत, ते भेंडीची टोकं मोडून बघत होते.

"काका, सांगितलंत का?"

"सांगतो ग. जरा हिचं बीपी खाली येऊ दे."

"दोन महिने झाले."

"योग्य वेळ यावी लागते," ते म्हणाले आणि ती भेंडी ठेवून दुसरी उचलली. माझ्या हातात आल्याची पिशवी होती, ती त्यांच्या अंगावर फेकावी असं मला वाटलं. फेकली नाही. दुसऱ्यांदा भेटले ते मंडळाच्या गणपतीत. लोकांच्या घोळक्यात क्विटोचं वर्णन चाललं होतं. सोन्याचं चर्च, ढगातला डोंगर, बाराही महिने वसंत. मला बघून त्यांचा आवाज किंचित पडला आणि पुन्हा चढला. मनोरा त्यात आला नाही. वर्णन सुंदरच करत होते, खोटं कशाला बोलू. मीही थोडा वेळ ऐकत उभी राहिले.

तुम्ही विचाराल, मी सरळ जाऊन काकूंना का नाही सांगितलं? नितीन रोज हेच विचारायचा. मी सांगितलं असतं तर ते माझं सांगणं झालं असतं, स्वतःची कातडी वाचवणं. आजारी नवऱ्याबद्दल शेजारणीनं येऊन चहाडी करायची, आणि बायकोनं ती ऐकून घ्यायची? मला ते काकांच्या तोंडून यायला हवं होतं. तेवढं माझं त्यांच्याकडे लागत होतं. आणि खरं सांगायचं तर माझा विश्वासही होता. मेन्यूकार्डाची तारीख बघणारा माणूस आईची शप्पथ मोडणार नाही, असं वाटायचं.

त्याच हिवाळ्यात त्यांनी घर विकलं आणि मुलीकडे, पार पश्चिम किनाऱ्यावर, बॉथेलला गेले. सामानाचा ट्रक गेला त्या दिवशी मी खिडकीतून बघत होते. काका गाडीत बसायला निघाले, थांबले, गाडीचं दार धरून आमच्या घराकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, आता येतील. मी दाराकडे गेलेसुद्धा. मी दार उघडलं तेव्हा गाडी वळणावर होती.

काका गेल्याचं मला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. क्विटोहून आल्याला दीड वर्ष झालं होतं. मी रडले, भरपूर रडले, आणि रडता रडता त्यांना दोन-चार चांगल्या शिव्याही घातल्या. मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत हे मलाही कळतं.

महिन्याभरानं, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, काकूंचा फोन आला. आवाज तोच. "कामात नाहीस ना? एक विचारायचं होतं. ह्यांच्या कमरेच्या पाकिटात शिकागोच्या डॉक्टरचं पत्र होतं. तू बघितलं होतंस का?"

"हो काकू. तिथल्या दवाखान्यात. जायच्या आधी मला माहीत नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काका म्हणाले होते, मी सांगतो. मी वाट बघत होते."

काकू म्हणाल्या, "मीही."

मला आधी अर्थच लागला नाही. "तुम्हाला कधी सापडलं पत्र?"

"तुम्ही आलात ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी. कपडे धुवायला काढताना. परत होतं तसं ठेवून दिलं. म्हटलं, सांगतील आज. सांगतील उद्या."

"म्हणजे काकू, तुम्हाला सगळं माहीत होतं? माझी चूक नव्हती हे?"

"होतं ग. पण मला त्यांच्याबरोबर राहायचं होतं. त्यांच्यावर रागावून घरात राहता आलं नसतं मला. तुझ्यावर रागावणं सोपं होतं."

एका माणसाच्या दोन बाजूंना आम्ही दोघी दीड वर्ष एकाच वाक्याची वाट बघत बसलो होतो. ते वाक्य न बोलता तो निघून गेला. बेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला नाही, आणि मला तर नाहीच. काकांवरचा राग मला सवयीचा झाला होता. आता जो उसळला तो काकूंवरचा होता, आणि त्याची मला सवय नव्हती.

"मिहिका केवढी झाली ग?" काकू विचारत होत्या. आवाजात अगदी पूर्वीचा ओलावा. "माझ्या खांद्याला लागत असेल आता."

मी म्हटलं, "काकू, मला मीटिंग आहे. नंतर करते फोन."

मीटिंग नव्हती.