निसार सरांच्या सत्कारात बंद करावे लागलेले मशीन

निसार सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्यावर ओरडत होतो. माझे करमाडला मंडप आणि जनरेटर भाड्याने देण्याचे दुकान नवेच होते. वेरूळला लग्न लागायचे होते, मशीन मध्येच बंद पडले होते आणि ते टेम्पोत घालून मी सरांच्या वर्कशॉपमध्ये धडकलो होतो. सरांनी मशीनला हातही लावला नाही. मी पेट्रोलचा कॅन उघडला तर त्यांनी तो काढून बाजूला ठेवला. "गरम मशीनमध्ये पेट्रोल वततो व्हय? वऱ्हाडासंगं तुलाबी जाळायचंय का? मशीन थंड होऊ दे, तवर तूबी थंड हो," असे म्हणून त्यांनी चहा मागवला. मग प्लग साफ केला, सपाट जमिनीवर ठेवून ऑइल बघितले आणि मशीन चालू करून दिले. पुढच्याच महिन्यात मी त्यांच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसलो.

सर सरकारी प्रशिक्षण केंद्रात शिकवत असत. निवृत्तीनंतर त्यांनी वर्कशॉपमध्ये हे वर्ग सुरू केले. जिल्ह्यातल्या किती मंडपवाल्यांचे, हॉटेलवाल्यांचे ते गुरू आहेत, हे त्यांनाही सांगता येणार नाही. लगीनसराई संपली की सरांचा फोन ठरलेला. "टाकीत पेट्रोल ठिवू नको. कार्बोरेटर चिकटला तर पुढच्या सीझनला माझ्याकडंच रडत येशील."

गोड बोलून त्यांच्याकडून चुकीचे काम करून घेणे कुणाला जमले नाही. खुलताबादचे एक बडे गिऱ्हाईक दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर घेऊन आले होते. एक पिन जनरेटरला, दुसरी घरातल्या सॉकेटला लावायची, म्हणजे सगळे घर उजळते. फक्त वायर जरा जाड करून हवी होती. सरांनी पक्कड घेतली आणि त्यांच्यादेखत त्या वायरचे तुकडे केले. "लाइट गेली म्हणून बिचारा लाइनमन खांबावर चढंल. तुमच्या घरातला करंट उलटा तारेत गेला तर त्याला कोण सांगणार?" गिऱ्हाईक तणतणत गेले आणि बाहेरची लाइन तोडूनच जनरेटर जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवायला परत आले ते सरांकडेच.

इथपर्यंत लिहिताना हात अडत नव्हता. आता अडतो आहे.

सरांच्या पंचाहत्तरीचा सत्कार आम्हा शिष्यांनीच शहरातल्या एका हॉलमध्ये ठेवला होता. कार्यक्रम सुरू झाला आणि लाइट गेली. माझे मशीन तयारच होते, हॉलपासून लांब, उघड्या अंगणात, धुराड्याचे तोंड रस्त्याकडे करून. पण त्याच्या धडधडीत पाहुण्यांचे भाषण ऐकू येईना. पाहुण्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि आम्ही शरमलो. सरांचा सत्कार, आणि आपल्याच मशीनमुळे बेरंग! आम्ही चौघांनी मशीन उचलून स्टेजमागच्या बोळकांडीत आणले आणि दार लावून घेतले. पुढची मूठ माझ्या हातात होती. "खिडकी उघडी हाय की," मीच म्हणालो. आम्ही चौघेही सरांचे जुने विद्यार्थी. एकालाही काही वाटले नाही.

आवाज दबला. सभागृह खूश झाले. अस्वस्थ झाले ते एकटे सर. गळ्यात हार, अंगावर शाल, आणि ते माइकवरून विचारत होते, "मशीन कुठं गेलं? आवाज आतून का येतोय?" लोक हसले. त्यांना वाटले, सरांना सत्कारातही कामच सुचते. तेवढ्यात खालांचे, म्हणजे सरांच्या पत्नीचे, नाव पुकारले गेले. त्यांचाही सत्कार व्हायचा होता. त्या आल्या नाहीत. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजासाठी त्या बोळकांडीलगतच्या खोलीत गेल्या होत्या.

सर धावले. मी मागे. खाला भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोके फुटतेय म्हणत होत्या, पण उठता येत नव्हते. धुरातल्या ज्या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, ना रंग ना वास, त्यावर सरांनी आमचे कितीतरी वर्ग घेतले होते. त्यांनी आधी मशीन बंद केले, सगळी दारे उघडली आणि आम्ही खालांना उघड्यावर आणले. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. त्या वाचल्या.

बाहेरच्या बाकावर सर बसले होते. हार तसाच गळ्यात. आम्ही समोर उभे, जमिनीकडे बघत. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते. ते हळूच म्हणाले, "शिकवण्यात माझंच कुठंतरी कमी पडलं, भानुदास." त्या वाक्याची लाज अजून अंगावरून उतरलेली नाही. आत गेलो तर खाला मलाच समजावू लागल्या. "रडतोस कशाला? माझ्यामुळं सरांचं भाषण टळलं, लोकं लई दुवा देतील." मला हसता आले नाही.

या गौरवग्रंथात ही हकिकत नको, असे समितीत बहुतेकांचे मत होते. सरांना कळले तेव्हा त्यांनी फोन केला. "माझी तारीफ कापली तरी चालंल, हे कापायचं नाय. वाचून एकानं जरी मशीन बाहेर नेलं तरी पुष्कळ झालं." म्हणून लिहिले. वाचकहो, आवाजाचा त्रास होऊ द्या, पाहुणे रुसू द्या, पण जनरेटर घरात, बोळकांडीत, कनातीच्या आडोशाला आणू नका. उघडी खिडकी पुरत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही माइकवरून सरांना दीर्घायुष्य चिंतत होतो, आणि त्याच वेळी भिंतीपलीकडे खालांचा श्वास कोंडत होता. त्यामुळे पुन्हा तेच शब्द लिहायला मन धजत नाही. तरी मागतो, आणि यंदा आधी खालांसाठी मागतो. त्यांना मोकळा श्वास आणि उदंड आयुष्य लाभो, मग सरांना. सरांच्या नजरेला नजर द्यायला आम्हाला अजून बराच काळ लागणार आहे. निदान तेवढ्यासाठी तरी दोघेही धडधाकट, खूप वर्षे आमच्यात असोत.