तात्पर्यावर खळ लावणारे सर

बातमी चित्रातून आली. वाचनालयाच्या खिडक्या उघडून मी टेबलाशी येत होते, तेवढ्यात मोबाइलवर आमच्या ग्रुपमध्ये एक चित्र पडलं. काळी चौकट, चार कोपऱ्यांत चार गुलाब, मधोमध पडघान सरांचा कुठल्याशा लग्नातला फेटा बांधलेला फोटो, बाजूला समई आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मी ते चित्र बराच वेळ पाहत राहिले. दुःख वगैरे काही त्या क्षणी मनात आलं नाही. आला तो त्यांचा खरखरीत आवाज... "ओ मॅडम, या समईले वात कुठं आहे? ज्योत काय हवेत तरंगून राह्यली?" मी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. खरोखरच वात नव्हती. मग मात्र मी खुर्चीवर बसले.

त्याला आता महिना उलटून गेला. पडघान सर मूळचे साखरखेर्ड्याचे. चिखलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले, चिखलीतच राहिले, आणि साखरखेर्ड्याला भावाकडे गेले असताना, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. आमचं वाचनालय चिखलीतलंच आणि मी तिथली ग्रंथपाल. दर रविवारी सकाळी आमच्याकडे लहान मुलांसाठी गोष्टींचा तास असतो. मोठं चित्रांचं पुस्तक मुलांसमोर धरायचं आणि गोष्ट सांगायची, एवढाच तो तास. निवृत्तीनंतर पुस्तक निवडायचं आणि गोष्ट सांगायचं काम सरांनी अंगावर घेतलं होतं. पण धरायचं कोणतं पुस्तक, यावर सर आणि मी वर्षानुवर्षं भांडलो. गेलेल्या माणसाबद्दल वर्तमानपत्राच्या पुरवणीत गोड लिहायची पद्धत आहे, मला ते जमणार नाही. सर मला आवडत नव्हते आणि मी त्यांना त्याहून कमी आवडत होते. पण त्यांच्यामागे गावात त्यांच्याबद्दल जे बोललं जातंय ते मला त्यांच्यापेक्षाही नावडतं आहे. त्या बोलण्यावरच आता माझे पुढचे रविवार ठरवले गेले आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

पुस्तकं निवडायची सरांची रीत अशी होती. जालन्याहून एक विक्रेता एसटीने दोन पिशव्या घेऊन यायचा. सर चपला काढून हॉलच्या टोकाला, माठाजवळ, सतरंजीच्या अगदी शेवटच्या कडेवर मांडी घालून बसायचे. गुडघे कडकड वाजायचे. "धरा," म्हणायचे. तासाला धरतात तसं मी पुस्तक छातीशी उघडं धरायचं आणि एकेक पान उलटायचं. "हे काय आहे? ससा का उंदीर?" "ससा, सर." "मंग मागच्या पोरायले काय पोस्टकार्ड टाकून कळवान, का हा ससा आहे म्हनून? पुढचं." ओळी कितीही सुरेख असोत, ते विचारायचेच नाहीत. एकदा मला फार आवडलेलं, नाजूक रेषांचं, हळू आवाजात वाचावं असं एक पुस्तक मी पुन्हा पुन्हा पुढे केलं. तेव्हा म्हणाले, "हे तुमच्यासाठी आहे. घरी न्या. पोरायले काऊन शिक्षा?" विक्रेता बिचारा मला दारात गाठून विचारायचा, "मॅडम, सर नसतील तेव्हा येत जाऊ का?"

चित्र दिसलं तरी सुटका नव्हती. एका पुस्तकात कपाशीचं झाड आंब्याएवढं होतं आणि एक बाई शिडी लावून कापूस वेचत होती. सर इतके हसले की बाहेर खेळणारी मुलं आत आली. "या चित्रकाराले आना रे आमच्या वावरात! शिडी मी देतो." तिथे मी त्यांच्या बाजूने होते. ज्या मुलांच्या घरात कापसाच्या गंजीवर झोपायला मिळतं, ती असलं चित्र पाहिल्यावर पुढच्या गोष्टीवर काय विश्वास ठेवणार? पण मग ते त्याच तोऱ्यात धुराडं असलेलं घर नाकारायचे, बर्फ नाकारायचे, समुद्र नाकारायचे. चिखलीत नाही ते चिखलीच्या मुलाला दाखवायचं नाही, हे मला कधीच पटलं नाही आणि आजही पटत नाही. ते गावी गेले होते त्या रविवारी मी मुद्दाम देवमाशाचं पुस्तक धरलं. दोन्ही पानांवर मिळून एकच निळा समुद्र आणि त्यात तो मासा. मुलं सतरंजीवरून पुढे सरकली. मग एका मुलीने विचारलं, "मॅडम, याच्यात आपल्या पैनगंगा किती मावतीन?" मी इतकी हरखले की सर आल्या आल्या त्यांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरगी हुशार आहे. पुस्तक नाही."

मात्र आमचं खरं वैर जडलं ते तात्पर्यावरून. मुलांच्या पुस्तकात गोष्ट संपली की शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत तात्पर्य छापलेलं असतं आणि शाळेमुळे मुलांना त्याची इतकी सवय असते की ते मिळाल्याशिवाय ती उठत नाहीत. सर शेवटच्या पानाआधीच पुस्तक मिटायचे. मुलं ओरडायची, "सर, तात्पर्य राह्यलं!" सर पोटावरून हात फिरवून सांगायचे, "ते मी सकाळीच खाल्लं." मुलं हसून लोळायची. एवढ्यावर भागलं असतं. पण घरी नेलेल्या पुस्तकात मुलं ते पान शोधतात हे कळल्यावर सरांनी दर सोमवारी घरून कणकेची खळ आणायला सुरुवात केली. स्टीलच्या डब्यात, पडघान काकूंनी शिजवलेली. माझ्यादेखत ते शेवटचं पान मलपृष्ठाला चिकटवायचे आणि तळहाताने दाबत बसायचे. मी म्हणाले, "सर, हे वाचनालयाचं पुस्तक आहे." ते म्हणाले, "पुस्तक कुठं घेतलं मी? तोंड बंद केलं फक्त."

एक दिवस खळ निळसर दिसली. पुस्तकाला कागद खाणारी कसर लागू नये म्हणून त्यांनी तीत मोरचूद घातलं होतं. मी डबाच उचलला. "हे विष आहे, सर. पोरं पानं उलटताना बोटं तोंडात घालतात." त्यांचा चेहरा लाल झाला, "चित्रकलेत तीस वर्षं खळ वापरली मी, मले शिकवता?" म्हणून ते निघून गेले. पुढच्या खेपेला खळ पांढरी होती. तिच्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मात्र काही महिन्यांनी एका पुस्तकात कसर लागली, तेव्हा ते पुस्तक माझ्या टेबलावर उघडं ठेवून म्हणाले, "घ्या. तुमचे पाव्हने."

आमच्या समितीच्या अध्यक्षांची मार्केट यार्डात अडत आहे, गावात सगळे त्यांना भाऊ म्हणतात. भाऊंनी वडिलांच्या स्मरणार्थ पुस्तकांचा एक गठ्ठा दिला होता आणि सरांनी तो सगळा चिकटवून टाकला होता. बुलढाण्याहून एक साहेब आले असताना भाऊंनी कौतुकाने त्यातलं एक पुस्तक काढलं आणि थेट शेवटच्या पानाला हात घातला. पान उघडेना. त्यांनी नख लावून पाहिलं, मग जोरात ओढलं. पान टरकलं आणि 'आज्ञा पाळा' एवढाच तुकडा भाऊंच्या चिमटीत आला.

"सर, हे काय लावलं?"

"खळ."

"काऊन?"

"तात्पर्य गळत होतं, भाऊ."

साहेब हसले. भाऊ हसले नाहीत. त्याच संध्याकाळी गोष्टींचा तास बंद झाला आणि हॉलला कुलूप लागलं. समितीने मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, की छापलेलं पान बंद करण्याचा अधिकार कुणालाही नाही, वाचणाऱ्याला ते आवडो न आवडो. ते माझं मत होतं आणि आहे. सरांनी मला जिन्यात गाठलं. "तुमी पुस्तकं सांभाळता मॅडम, पोरं नाही." मी म्हणाले, "तुम्ही पोरंही सांभाळत नाही, सर. तुम्ही फक्त स्वतःचं खरं करता." आयुष्यात मी कुणाशी इतकं तोडून बोलले नव्हते. त्यानंतर सर माझ्याशी थेट बोलले नाहीत. मी हाताच्या अंतरावर असले तरी मुलांना सांगायचे, "मॅडमले म्हना, पंखा लावा." मीही सांगायचे, "सरांना म्हणा, तुमच्या मागेच बटण आहे."

कुलूप फार दिवस टिकलं नाही. मुलं रविवारी येऊन पायऱ्यांवर बसायची, आयांनी भाऊंच्या घरी कटकट केली आणि तास पुन्हा सुरू झाला. पुस्तक निवडायचं आणि सांगायचं काम माझ्याकडे आलं. सोमवारी सर खळीने फक्त फाटकी पुस्तकं सांधत, तात्पर्याला हात लावत नसत. रविवारी येऊन मागे माठाजवळ बसत. बोलायचं नव्हतंच, म्हणून चित्र दिसलं नाही किंवा पटलं नाही की ते घसा खाकरायचे. मुलांनी ते लगेच उचललं. मी भिकार पान उलटलं की मुलांच्या शेवटच्या रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंत सगळा हॉल खाकरायचा. मला रडू यायचं... रागाने. पण विक्रेता आला की मी पुस्तक टेबलावर उभं करून स्वतः माठाजवळ जाऊन बसू लागले, हेही खरं. तिथून न दिसणारं पुस्तक घेऊन खाकरून घ्यायची माझी तयारी नव्हती.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. भाऊ बोलायला उभे राहिले. सर शांत होते, मनमिळाऊ होते, त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही, दोन पिढ्यांना संस्कार दिले... माझ्या शेजारी पडघान काकू बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरून मला विचारलं, "हे कोनाबद्दल बोलून राह्यले?" मग भाऊंनी एक संच उघडला. सरांच्या स्मरणार्थ घेतलेली चित्रांची पुस्तकं, सगळी संस्काराची. प्रत्येकाच्या शेवटी एक जाड रंगीत पान छापून शिवून घेतलेलं. त्यावर तो फेट्यातला फोटो, ती वात नसलेली समई आणि ठळक अक्षरांत : 'पडघान सरांची शिकवण : मोठ्यांचे ऐका, वादविवाद टाळा.' टाळ्या झाल्या. भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, आता दर रविवारी याच संचातलं पुस्तक घ्यायचं. आन् शेवटचं पान मोठ्यानं वाचायचं. विसरू नका." मी समितीची नोकर आहे. मी मान हलवली. सभा संपल्यावर काकू म्हणाल्या, "माझा डबा तुमच्याकडं आहे का? पोह्याचा आहे तो." मी कपाटातून डबा काढला, आत वाळलेल्या खळीचा पापुद्रा होता, तो धुऊन दिला.

सांगितल्याप्रमाणे पुढच्या रविवारी मी संचातलं पुस्तक धरलं. चित्रं बारीक, रंग मळकट. गोष्ट कशीबशी संपली आणि मी शेवटचं पान उलटलं. फोटो पाहून मुलं चुळबुळली. मी वाचायला तोंड उघडलं, "पडघान सरांची शिकवण..." आणि माठाजवळून कुणीतरी घसा खाकरला. कोण ते मी पाहिलं नाही. मग दुसरं कुणी. मग सगळा हॉल. एकही मूल हसत नव्हतं. मी पुस्तक मिटलं. कुणीही 'तात्पर्य राह्यलं' म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी काकू वाचनालयात आल्या आणि तोच डबा टेबलावर ठेवला. झाकण कोमट होतं. "सोमवारी खळ शिजवायची सवय आहे हाताले. आज बी शिजली. आता फेकू काय?" मी झाकण उघडलं. त्या म्हणाल्या, "मोरचूद नाही टाकलं. हे म्हनायचे, मॅडमले चालत नाही." मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगणाऱ्याने निदान मुलांकरवी तरी निरोप धाडायचा.

छापलेलं पान बंद करू नये, हे मी आजही म्हणते. पण एखाद्याच्या नावावर त्याने न उच्चारलेलं वाक्य छापणं हे ग्रंथपालाला कसं चालावं? आणि या माणसाच्या नावावर 'वादविवाद टाळा'? ज्याने मला पंखा लावण्यापुरतंही सुखाने वागवलं नाही, त्याच्या? त्यांचं ते भांडणं मी इतकी वर्षं सोसलं आहे, ते मी कुणाला पुसू देणार नाही. मी संच खाली काढला. बोटाने खळ लावली, सरांसारखी, कडेपासून शिवणीपर्यंत. तळहाताने दाबत बसले. वात नसलेली समई एकेका पुस्तकात मिटत गेली.

पुढचे रविवार त्या संचाचे नसतील. देवमासा मी बाहेर काढून ठेवला आहे. सरांना तो चालला नसता, खाकरले असते. मुलं खाकरली तर खाकरू देत.

भाऊ ही पुरवणी वाचतात, हे मला ठाऊक आहे. त्यांना एवढंच सांगणं, की मला काय विचारायचं ते समितीत विचारा, मी उत्तर देईन. फक्त पान ओढू नका. खळ पक्की बसली आहे. या वेळी सरांचा फोटो फाटेल.