कुंकवाने बाद झालेली मतं

धुरपदाअक्का माझी चुलती. ती निवडणुकीत पडली असं कुणी म्हटलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती पडली नाही, तिला पाडलं.

आमचं गाव पारोळ्याजवळ. गावातल्याच पितांबरने नदीकडची पायवाट बाभळीचे काटे टाकून आपल्या कपाशीत ओढून घेतली, तेव्हापासून आमच्या वॉर्डातल्या बायका ओढ्याला वळसा घालून नदीकाठच्या विहिरीवर पाण्याला जायच्या. अक्का सरपंचाशी भांडली, ग्रामसेवकाशी भांडली. गोड बोलणं तिच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. सत्त्याण्णव साली वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव झाली, तिने सरळ अर्ज भरला. "वाट मोकळी करसू," एवढाच तिचा प्रचार. समोर पितांबरची बायको सुमनबाई. तिच्या वतीने बोलायचा मात्र पितांबरच.

अक्काला चिन्ह मिळालं नारळ. बायका हरखल्या. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते ती नारळाचीच. त्यालाच नथ, त्यालाच डोळे, त्यालाच कुंकू. मतदान नेमकं कानबाईच्या रविवारी आलं. बायका देवी बसवून तशाच शाळेत गेल्या, बोटांचं कुंकूही पुसलं नव्हतं. त्यांनी नारळावर शिक्का मारला. मग देवीच्या दिवशी समोर नारळ, हात कसा राहणार? त्यांनी त्याला बोट टेकवलं.

मतदान संपल्यावर तिथेच मोजणी लागली. अक्काच्या बाजूने टेबलाशी मी होतो. अधिकाऱ्याने कुंकवाची मतपत्रिका उचलली आणि म्हणाला, "ही ओळखीची खूण आहे. बाद."

"साहेब, शिक्का बरोबर नारळावर आहे," मी म्हणालो. "आणि अर्ध्या वॉर्डाने कुंकू लावलंय, मग ओळख पटणार कुणाची?"

"नियम मला शिकवू नका."

थोड्या वेळाने सुमनबाईच्या मतपत्रिकांवर अंगठ्याच्या शाईचे डाग निघाले. ते म्हणे चुकून लागले, ती मतं धरली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. कुंकवाची सगळी मतं बाद झाली आणि अक्का नऊ मतांनी हरली. मी ओरडलो तर "कोर्टात जा" म्हणून अधिकारी पितांबरने आणलेला चहा पीत बसला. कोर्ट काय वेशीवर होतं?

सोमवारी सकाळी कानबाई नदीवर न्यायची. अक्काने देवी डोक्यावर घेतली आणि वळशाला न जाता थेट काट्यांपुढे जाऊन उभी राहिली. मागे सगळा वॉर्ड, डफ वाजतोय. पितांबर धावत आला. देवीला कोण अडवणार? कपाळाला कालच्या विजयाचा गुलाल, त्याने हात जोडले आणि स्वतः काटे बाजूला ओढले.

अक्का हलली नाही.

"देवी उनी तं वाट, आनि आमनाकरता रोज काटा?" ती म्हणाली. "बठ्ठा काटा जाळ. नही तं मी कानबाई लिसन आठेच बठसू."

देवी वाटेत बसून राहिली तर गाव तोंडात शेण घालेल, हे पितांबरला कळत होतं. त्याने काडी ओढली. काटे जळेपर्यंत अक्का देवीसकट उभी होती.

नदीवर आरती झाली. बायकांनी तिला घेरलं. "अक्का, शेवटले वाट भेटनी ना," तानुबाई हसत म्हणाली.

अक्काचा चेहरा रागाने लाल होता.

"वाट देवीनी दिधी," ती म्हणाली. "मी ती मतवर मांगेल व्हती."