पाठीतल्या पट्ट्या

बाइंडरमामाच्या हाताखालून आयुष्यभरात ढिगांनी पुस्तकं गेली, पण त्यातलं त्याने वाचलं एकही नाही. वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही. शाळेत तो बरा होता. पण ज्या उस्तादाकडे तो काम शिकला, त्याचा पहिला नियमच असा होता की बाइंडरने मजकूर बघायचा नाही, फक्त पानांचे आकडे बघायचे. मजकुरात डोळा अडकला की हात थांबतो, आणि हात थांबला की खळ वाळते. एकदा कुठल्याशा कादंबरीचे फॉर्म, म्हणजे घड्या घातलेले छापील ताव, जुळवताना मामा दोन ओळी जास्तच रेंगाळला. उस्तादाने खळीचा ओला ब्रश त्याच्या कानावर हाणला आणि विचारलं, "मग, लग्न झालं का तिचं?" सगळं दुकान खो खो हसलं. तेव्हापासून मामाची नजर पानावर पडायची ती थेट खालच्या आकड्यावर घसरायची.

या सवयीवर त्याने उभा जन्म काढला. छापखान्यामागच्या एका खोलीत त्याचं दुकान होतं. एक लांब टेबल, शिलाईची चौकट, दाबयंत्र आणि कोपऱ्यात कटिंग मशीन. त्या मशीनने फार पूर्वी त्याच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक नेलं होतं. कुणी त्याबद्दल विचारलं तर तो म्हणायचा, "माप चुकलं होतं, मशीनने बरोबर करून दिलं." लग्न केलं नाही. ऑफिसांच्या वह्या, वाचनालयांची पुस्तकं, विद्यार्थ्यांचे प्रबंध असं काम वर्षानुवर्षं येत राहिलं. मग वह्या कॉम्प्युटरमध्ये गेल्या, वाचनालय बंद पडलं, आणि प्रबंधसुद्धा लोक ईमेलने पाठवायला लागले. आता मामा सकाळी दुकान उघडायचा, झाडून घ्यायचा, सुऱ्यांना धार लावायचा आणि बसून राहायचा.

अशा दिवसांत ताईचा निरोप आला. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. तिचं सगळं आयुष्य हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी उकळण्यात गेलं होतं. नवरा लवकर गेला. दोन मुलगे होते, त्यातला थोरला शाळेत असतानाच तापाने गेला. तोही त्याच हॉस्पिटलात, आईने धुतलेल्या चादरीवर. राहिला धाकटा. तो आता मोबाइलच्या दुकानात कामाला होता. त्याचं लग्न झालं होतं आणि सुनेला दिवस गेले होते.

घर दोन खोल्यांचं. बाळाचा पाळणा ठेवायचा म्हटलं तर जागा एकच होती, खिडकीखालची. आणि तिथे थोरल्याच्या कॉमिक्सच्या पेट्या होत्या. इतकी वर्षं त्या हलल्या नव्हत्या. सून तशी चांगली होती, सासूचा त्या पेट्यांत जीव आहे हे तिला कळत होतं, पण त्या पेट्यांत झुरळं झाली होती आणि त्याचा तिला धसका बसला होता. ती एवढंच म्हणाली होती, की एक तर त्या पेट्या राहतील नाही तर पाळणा. धाकट्याने रद्दीवाल्याला सांगूनही ठेवलं होतं.

ताईने भांडण केलं नाही. तिचा तो स्वभावच नव्हता. तिने भावाला बोलावून घेतलं आणि पेट्यांकडे बोट दाखवलं.

"हे टाकतील रे हे लोक," ती म्हणाली. "तू काहीतरी कर. तुझ्या हातचं असलं की टाकणार नाहीत."

मामाला ते लगेच पटलं. सुट्या कागदाला कुणी विचारत नाही, पण पुठ्ठ्याची बांधणी केली की त्याच कागदाचं पुस्तक होतं, आणि पुस्तक रद्दीत घालताना माणूस दोनदा विचार करतो, हे तो बघत आला होता. शिवाय त्या पेट्यांतला पहिला अंक त्यानेच आणून दिला होता. छापखान्यातल्या कुणीतरी टाकून दिलेला, एका पानावर शाई जास्त उतरलेला. पोराने त्या काळ्या पडलेल्या चौकटीत काय घडलं असेल यावरून मामाचं आठवडाभर डोकं खाल्लं होतं. मग पोरगं शाळा सुटल्यावर कधी धुलाईघराबाहेरच्या बाकावर, कधी मामाच्या दुकानातल्या स्टुलावर अंक घेऊन बसायचं. मामाने त्या पेट्या हातगाडीवर घालून दुकानात आणल्या तेव्हा त्या स्टुलाकडे बघायचं टाळलं.

काम मात्र त्याने जीव ओतून केलं. झुरळांची घाण मऊ ब्रशने झाडली. अंक आकड्यांप्रमाणे लावले. गंजलेल्या पिना एकेक करून उपटल्या. मग उस्तादाच्या पद्धतीप्रमाणे सगळ्या अंकांची मुखपृष्ठं आणि मागची पानं काढून बाजूला केली. अशी साप्ताहिकं बांधताना हे करावंच लागतं. तो कागद जाड आणि गुळगुळीत असतो, शिलाईत नीट बसत नाही, मध्ये मध्ये फुगतो आणि खंड बेढब दिसतो. वर्षाचा खंड करायचा तर आतला मजकूर घ्यायचा, सालं काढून टाकायची. मुखपृष्ठांवर बॉलपेनने काहीबाही खरडलेलं मामाला दिसलं. पण खरडलेलं म्हणजे घाण, असाच त्याचा डोळा तयार झालेला. नजर अंकाच्या आकड्यावर गेली आणि पुढे सरकली.

शिलाई झाल्यावर तिन्ही कडा मशीनवर कापल्या. पिवळ्या पडलेल्या, दुमडलेल्या कडा गेल्या आणि आतून पांढरा स्वच्छ कागद निघाला. जाड कापडाच्या पाठी, कोपऱ्यांना कापड, मधे खुणेची फीत, आणि पाठीवर सोनेरी आकडे. सोनेरी वर्खाचा शेवटचा तुकडा त्याने कशासाठी तरी राखून ठेवला होता, तो इथे लागला. खंड दाबातून काढले तेव्हा तो बराच वेळ त्यांच्यावरून हात फिरवत उभा होता. उस्ताद असता तर चूक शोधत बसला असता, आणि सापडली नसती.

ताईच्या घरात भिंतीवरच्या फळीवर ते खंड ओळीने बसले. खिडकीखाली पाळणा आला. सून म्हणाली, "मामा, हे तर एखाद्या वकिलाच्या घरासारखं दिसतंय." ताईने फळीकडे बघून फक्त मान हलवली. खंड उघडून बघितले नाहीत. पेट्या होत्या तेव्हाही ती अंक रोज बघणाऱ्यातली नव्हती. कधीतरी, घरात कुणी नसलं की, एखादी पेटी उघडून बसायची, हे मामाला नंतर कळलं.

घोळ झाला तो धाकट्यामुळे. मोबाइलच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं, दातांचा डॉक्टर. बोलता बोलता कळलं की तो जुनी कॉमिक्स जमवतो, आणि नेमकी तीच साप्ताहिकं तो कित्येक वर्षं शोधत होता. धाकट्याला एकदम अंगात वारं शिरल्यासारखं झालं. एक जास्तीची खोली असलेलं घर, आईला स्वयंपाकघरात झोपावं लागणार नाही, असं काय काय त्याने बायकोशी बोलून ठेवलं. खंडांच्या बांधणीमुळे किंमत आणखी वाढेल असाच त्याचा समज होता. म्हणून तर त्या दिवशी त्याने मामालाही बोलावून घेतलं, कारागीर म्हणून.

दातांचा डॉक्टर आला. हात धुऊन, पुसून, त्याने पहिला खंड असा अलगद उघडला, जणू रुग्णाला तोंड उघडायला लावतोय. आत बघितलं. दुसरा उघडला. तिसऱ्याला हात लावला नाही.

"मुखपृष्ठं कुठे आहेत?" त्याने विचारलं.

मामाने समजावून सांगितलं की बांधणीत ती काढतात. डॉक्टरने मग कडांवरून अंगठा फिरवला आणि कापल्या का म्हणून विचारलं. मामा म्हणाला, कापल्याशिवाय बांधणी कशी होणार.

डॉक्टर सभ्य होता. तो आवाज न चढवता सांगत राहिला, की घरोघरी ही कॉमिक्स रद्दीत जातात, पोरं मोठी झाली की आया झाडून टाकतात, म्हणून तर उरलेल्यांना मोल येतं. सगळ्यांनी जपली असती तर त्याच्यासारख्यांनी ढुंकून पाहिलं नसतं. पण जमवणाऱ्याला अंक जसा छापून आला तसा लागतो, पिनेसकट, मुखपृष्ठासकट. हे वाचायला छान आहे, घरात ठेवायला छान आहे. त्याला मात्र याचा उपयोग नाही.

धाकट्याचा चेहरा पडला. तो मामाकडे वळून म्हणाला, "तू हात लावला नसतास ना मामा, तर बरं झालं असतं. झुरळांनीसुद्धा एवढं नुकसान केलं नव्हतं."

मामाने टोक नसलेलं बोट मुठीत धरलं.

डॉक्टरला बहुधा त्याची दया आली. त्याने उगाच विचारलं की मुखपृष्ठांवर नावबिव लिहिलेलं होतं का. धाकटा म्हणाला, दादाने प्रत्येकावर लिहिलं होतं. "मग फार वाईट वाटून घेऊ नका," डॉक्टर म्हणाला. "पेनाने लिहिलेल्याला तशीही कुणी फारशी किंमत देत नाही."

तेव्हा ताई पहिल्यांदा बोलली. ती इतका वेळ पाळण्याशी बसून लहान लहान दुपट्यांच्या घड्या घालत होती.

"ते लिहिलेलं कुठे गेलं?"

तिचं बोलणं मामाला आधी समजलंच नाही. ताई उठली, फळीवरचा खंड काढला, त्याच्या पानांतून बोट फिरवलं, दुसरा काढला. डॉक्टर निरोप घेऊन कधी गेला ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग तिने सांगितलं. थोरला प्रत्येक अंकावर, तो कुठे वाचला आणि कसा वाटला ते लिहायचा. "धुलाईघराच्या बाकावर वाचला, वाफेने पानं चिकटली," असं. "मामाच्या दुकानात वाचला, खलनायक अगदीच मंद आहे," असं. शेवटच्या काही अंकांवर अक्षर वाकडं झालं होतं, कारण ते हॉस्पिटलातल्या खाटेवर लिहिलेलं होतं. फोटो त्याचा एकच होता, तोही शाळेचा, गर्दीतला. बाकी जे काही होतं ते हे होतं. ताईला वाटलं होतं, भावाने ते आत नीट बसवलं असेल. तिला ते तोंडाने सांगावंसं वाटलं नव्हतं. लिहिलेलं तर समोर होतं. कुणालाही दिसलं असतं.

मामा उठून निघाला. कातरणाची पोती रद्दीवाल्याने केव्हाच नेली होती, हे त्याला ठाऊक होतं. तरी दुकानात जाऊन त्याने मशीनखाली वाकून बघितलं. कडांच्या बारीक पट्ट्या, दोरे, धूळ. तो जमिनीवरच बसून राहिला आणि बसल्या बसल्या त्याला आठवलं. मुखपृष्ठांचा जाड कागद वाया घालवायचा नाही, ही उस्तादाची शिकवण. त्या कागदाच्या लांब पट्ट्या कापून खंडांच्या पाठीला आतून अस्तर लावायचं, म्हणजे पाठ भक्कम होते. त्याने तसंच केलं होतं. सगळी मुखपृष्ठं रद्दीत गेलेली नव्हती. थोडी त्याच्याच बांधणीत चिकटलेली होती, कापडाखाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हातगाडी घेऊन ताईकडे गेला आणि खंड परत मागितले. धाकट्याने विचारलं, आता आणखी काय करायचं राहिलंय. ताईने पायात चपला घातल्या आणि ती भावाबरोबर निघाली.

दुकानात ती त्या स्टुलावर बसली. मामाने पाणी गरम केलं. पहिला खंड पालथा ठेवून त्याने सुरीचं टोक पाठीच्या कडेला लावलं आणि कापड फाडलं. सोनेरी आकडा मधोमध दुभंगला. या खंडांसारखं काम त्याच्या हातून आता पुन्हा होणार नव्हतं, तो वर्खही संपला होता. त्याने हात थांबवला नाही. पाठीवर ओलं गरम फडकं ठेवलं, खळ सुटायची वाट बघितली आणि पट्ट्या एकेक करून उचलल्या.

काही नुसत्याच रंगीत निघाल्या, कुणाचा तरी बूट, ढगाचा तुकडा, अर्धं नाव. काहींची छापील बाजू खळीला चिकटली होती, ती सोलताना गेली. पण बॉलपेनची अक्षरं पाण्याला पुरून उरली होती. जिथे ती होती, तिथे मामा थांबला. उस्तादाचा तो ब्रश खाल्ल्यापासून पहिल्यांदाच तो टेबलावरचा कागद वाचत होता.

"...नात, मामा ओरड..."

"...कावर, वाफे..."

"...पात वाचला, शेवट समजला ना..."

प्रत्येक पट्टी तो टिपकागदावर ठेवायचा आणि ताईकडे सरकवायचा. ताई ओठ हलवत वाचायची, पाठ असलेला उरलेला भाग मनात जोडायची आणि पट्टी पुढे ठेवायची. दुपारपर्यंत टेबल भरलं, पण अक्षरं असलेल्या पट्ट्या ओंजळीतही मावल्या असत्या.

शेवटच्या खंडातून एक पट्टी निघाली, त्यावरचं अक्षर वाकडं होतं. मामाने ती ताईच्या हातात दिली. "आई आज उशिरा येणार," तिने वाचलं. "पण." तिथे कागद कापलेला होता.

हा अंक तिने कधी पेटीतून काढलाच नव्हता. तो अगदी तळाशी असणार. पुढे काय लिहिलं होतं ते तिला ठाऊकच नव्हतं.

"पण काय असेल रे?" तिने विचारलं.

मामाने पट्टीची कड बघितली. त्याच्या मशीनची होती, सरळ, कुठेही न फाटलेली.

"माझ्या डोळ्यांसमोर होतं, ताई," तो म्हणाला. "मी आकडा बघितला."

ताईने पट्टी टिपकागदावर वाळायला ठेवली आणि तिचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ केला. टेबलावर पाठ फाडलेले खंड पडले होते. मामाने फडकं पुन्हा गरम पाण्यात बुडवलं, पिळलं आणि आता काहीच नसलेल्या त्या पाठींवरून फिरवायला घेतलं.