वालीवच्या गाळ्यात निळ्या केसांची पोरगी

पस्तिसाव्या वर्षी मी स्वतःसाठी खेळणं मागवलं, आणि ते उघडायला बाबा घरात नसतील अशी वेळ शोधली. लाज वाटत होती, दुसरं काय! मला सुट्टी होती, बाबा उमेळ्याला भाजी आणायला गेले होते, आई स्वयंपाकघरात होती. मी हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून खोकं उघडलं.

झाकणावर जपानी कार्टूनमधली पोरगी होती. निळे केस, पाठीला चंदेरी पंख, हातात तिच्याहून उंच तलवार. आत मात्र पोरगी नव्हतीच. प्लास्टिकच्या सपाट चौकटी होत्या आणि त्यांना लटकलेले बारीक बारीक तुकडे. बोटं, गुडघे, केसांच्या बटा. ते कापून काढायचे आणि एकमेकांत बसवून तिला उभी करायची.

मी नेलकटरने पहिला तुकडा तोडला आणि लॅच वाजलं.

बाबा पिशवी घेऊन दारातच थांबले. ‘ऑफिसमधल्या एकीच्या मुलीसाठी आहे,’ असं मी म्हणणार होते. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. चपला न काढता आत आले, एक चौकट उचलली आणि खिडकीपाशी उजेडात धरली.

“हा डाय कुणी बनवला?”

बाबांनी एकतीस वर्षं वालीवच्या एका गाळ्यात प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवले. ते साच्याला डायच म्हणतात. बादल्या, साबणाच्या डब्या, कंगवे. निवृत्त झाल्यापासून मात्र त्यांनी त्या कामाचं नाव काढलं नव्हतं. विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढवायचे. आणि आता खिडकीत उभे राहून ओरडत होते, “अगं, इकडे ये! एकाच चौकटीत चार रंग! सांधा दिसतोय का तुला?”

आई हात पुसत आली. “कसला सांधा? मला तर काहीच दिसत नाही.”

“तेच तर म्हणतोय!”

माझं नेलकटर जप्त झालं. माळ्यावरून बाबांची जुनी पत्र्याची पेटी उतरली, त्यातून बारीक कटर निघाला. माहितीपुस्तिका जपानीत होती, पण चित्रं होती. मी चित्र बघून तुकड्याचा नंबर सांगायचे, बाबा कापायचे, मी बसवायचे. टक्. प्रत्येक ‘टक्’ला बाबा म्हणायचे, “वा!”

आई थोडा वेळ उभ्यानेच बघत होती. “पंख एवढे मोठे दिले, आणि स्कर्टला कापड कमी पडलं होय?” मग खाली बसली आणि माझ्या हातातलं डोकं काढून घेतलं. “केस मी बसवते. तुम्हा दोघांना भांगातलं काय कळतं?”

जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा पोरगी पुरी झाली. उभी केली, तर गुडघे मागे वळत होते, बगळ्यासारखे! मी पोटऱ्या उलट्या बसवल्या होत्या. ओढून पाहिल्या, निघेनात.

“जोर नको, मोडेल,” बाबा म्हणाले. “कोमट पाणी आण.”

मी वाटीत पाणी आणलं आणि पोरगीला त्यात गुडघ्यापर्यंत उभी केली. आईने शांतपणे विचारलं, “चिमूटभर मीठ टाकू का? उडून उडून पाय दुखले असतील.”

बाबा हसत हसत सोफ्यावर आडवेच झाले. मला उचकी लागली. आई “अहो, त्यात काय एवढं?” म्हणत गंभीर राहायला बघत होती, तीही फुटली. पाणी दोनदा बदलावं लागलं, पण पोटऱ्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला अर्ध्या दिवसाची रजा घ्यायला लावली. पोरगी रुमालात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवली आणि आम्ही स्कूटरवरून वालीवला निघालो.

गाळ्यात शिरताच बाबांच्या हाताखाली शिकलेला कारागीर, आता तिथला फोरमन, धावत आला. डब्यात डोकावून म्हणाला, “मास्तर, नातीचं खेळणं?”

“लेकीचं,” बाबा म्हणाले, असे की जणू मी परीक्षेत पहिली आले होते.

मशीनवरची माणसं जमली. कुणी भिंग आणलं. पंख फिरतात, कंबर वळते, सगळं बाबांनी करून दाखवलं. तलवार उगारताना मात्र पोरगीचा मनगटापासूनचा हात उडाला तो थेट प्लास्टिकच्या दाण्याच्या उघड्या गोणीत.

“मशीन बंद!” बाबा ओरडले. एकतीस वर्षांची सवय होती ती, आणि मशीन खरंच बंद झालं. ताडपत्रीवर गोणी ओतली आणि फोरमनसकट पाच जण गुडघ्यांवर बसून पांढऱ्या दाण्यांत नखाएवढा हात शोधू लागले. मीही बसले.

“नाही सापडला तर बादलीतून निघेल,” एक जण म्हणाला.

“बादली हात दाखवेल गिऱ्हाइकाला!” बाबा म्हणाले, आणि शोधणं राहिलं बाजूला, सगळेच हसत सुटले.

शेवटी फोरमनने चिमटीत वर धरला. “मास्तर, सापडला! मूठ अजून आवळलेलीच आहे!”

टाळ्या पडल्या. चहा आला.

परतताना नाक्यावर ट्रकांच्या रांगेत आम्ही अडकलो. बाबांनी मान वळवून विचारलं, “यात ड्रॅगन मिळतो का गं?”

“मिळतो. सातशे तुकड्यांचा.”

“सातशे!” ते इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“काय सातशे, काका?”

पुढचे ट्रक हलले, मागचे हॉर्न सुरू झाले. बाबा दोन्ही हात हँडलवरून सोडून त्याला सांगायला लागले होते.