श्वासाला लावलेला कौल

देवाला प्रश्न विचारायचा आणि उत्तर काय यावं हे मात्र मनात आधीच ठरवून ठेवायचं, असा उद्योग मी मागच्या वर्षी बरेच दिवस केला. माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिसवर तो कसाबसा तग धरून होता. वहिनीला मधुमेह, त्यामुळे तिची किडनी चालणार नव्हती. माझ्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, तुमची जुळतेय, तब्येतही उत्तम आहे, आता ठरवायचं ते तुम्हीच. दादा स्वतःहून एक शब्द बोलला नाही. घरी हे म्हणाले, "तू ठरवशील त्यात मी तुझ्याबरोबर आहे." मुलगीही तेच म्हणाली. सगळ्यांनी इतकं समजूतदारपणे वागून माझी चांगलीच पंचाईत केली. कोणी अडवलं असतं तर मी भांडून 'देणारच' म्हणाले असते, कोणी गळ घातली असती तर चिडून मागे सरले असते. माझा स्वभावच तसा आहे.

म्हणून मी ध्यानाला बसायला लागले. मीरा रोडला आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. त्या रोज सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये आम्हा काही बायकांना ध्यानाला बसवतात. त्यांचं शिकवणं साधं. डोळे मिटा, श्वास आत येतोय, बाहेर जातोय, तेवढं बघा, काही मागू नका. बाकी सगळं मला जमलं, हे शेवटचं तेवढं जमेना. आमचं मूळ गाव कोकणात. तिकडे काही मोठं करायचं झालं की देवाला कौल लावतात. गुरव पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे टक लावून बघत राहतात. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, घराच्या जागा, सगळं असं ठरताना मी लहानपणापासून पाहिलंय. आता श्वासाकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं की तो दोन्ही नाकपुड्यांतून सारखा वाहत नाही. कधी उजवी मोकळी असते, कधी डावी. झालं! मला घरबसल्या देऊळ सापडलं.

रोज डोळे मिटून मी मनातल्या मनात गाऱ्हाणं घालायचे, "बा देवा महाराजा, दादाला किडनी देऊ का?" आणि मग कुठली नाकपुडी वाहते ते बघायचे. उजवी वाहिली की वाटायचं, आज जरा सर्दी आहे, आजचं धरायला नको. डावी वाहिली की सुटल्यासारखं व्हायचं, आणि लगेच त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच इतकी शरम वाटायची की मी तोही कौल मोडीत काढायचे. काकू बाकीच्यांना सांगायच्या, बघा, हिची एकाग्रता बघा. दादा पेणकरपाड्याला राहतो, रिक्षाने पाच-दहा मिनिटांवर. पण मी तिकडे जायचं टाळू लागले. फोनवर "बरं आहे ना?" एवढं विचारून ठेवून द्यायचे. देव बोलल्याशिवाय त्याला तोंड कसं दाखवायचं, असं मी स्वतःला समजावत होते.

एका रविवारी हॉलमध्ये कोणाचं तरी बारसं होतं, म्हणून ध्यान नव्हतं. घरात बसवेना म्हणून मी भाईंदरहून उत्तनची बस पकडली आणि तिथल्या पालीच्या समुद्रावर जाऊन बसले. डोळे मिटले, गाऱ्हाणं घातलं, आणि कौल नीट कळावा म्हणून बोटाने एकेक नाकपुडी दाबून बघू लागले. इतक्यात बाजूने आवाज आला, "काय गो बाय, सर्दी हाय काय?" बोंबील वाळत घालणारी माझ्याच वयाची एक बाई कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मी ओशाळून नाही म्हटलं. "मंग रिकामी बसलीस तं ये हिकडं. ऊन हाय तवर हे टाकून होऊ दे," ती म्हणाली. तिला मदतीला कोणी नव्हतं आणि टोपली भरलेली होती. मी उठून टोपलीपाशी गेले.

दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूवर टाकायची, एवढंच काम. पण बोंबील निसटतात, बारीक दात बोटांना टोचतात, त्यामुळे लक्ष दुसरीकडे जाऊच शकत नाही. सुरुवातीला ती माझ्या जोड्या काढून पुन्हा लावत होती. मग ते थांबलं. वारा येत होता, श्वास चालू होता, कुठून चालू होता ते मी बघत नव्हते. किती वेळ गेला कोण जाणे. मग एकदम लक्षात आलं की इतका वेळ मी काहीच विचारलेलं नाही. त्या शांततेत जे इतके दिवस खाली दडपलेलं होतं ते आपणहून वर आलं आणि मी मोठ्याने बोलून गेले, "मला मरायची भीती वाटते हो." त्या अनोळखी बाईला मी सगळं सांगून टाकलं, ऑपरेशन, दादा, अगदी नाकपुडीचा कौलसुद्धा. ती हसली नाही. एक जोडी बांबूवर टाकत म्हणाली, "तू भितंस, ते दादाला म्हाईत हाय?"

"नाही."

"मंग त्याला वाटत आसंल, तुला द्याची न्हाय."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी देवाच्या उत्तराची वाट बघत होते, तेव्हा दादा माझ्या उत्तराची वाट बघत होता.

तशीच उठून मी पेणकरपाडा गाठलं. दार दादानेच उघडलं, नाक मुरडून म्हणाला, "बोंबील आणलेस का?" केवढा सुकला होता तो! मी दारातच सांगून टाकलं, "दादा, मी घाबरलेय, म्हणून येत नव्हते." तो खाली बसला. म्हणाला, "मला वाटलं, नाही कसं म्हणायचं म्हणून येत नाहीस. मीपण घाबरलोय गं. तुला काही झालं तर मी कुठल्या तोंडाने जगू? म्हणून कधी मागितली नाही." मग आम्ही दोघं हात धरून नुसते बसून राहिलो. दोघांचेही डोळे आपोआप मिटले. कुठला आवाज आला नाही, प्रकाश दिसला नाही. भीती होती तिथेच होती. पण ती आता एकटी नव्हती, आणि तिच्यापेक्षा माझी माया मोठी आहे हे मला अगदी स्वच्छ कळलं. "देते मी," मी म्हणाले. ते माझ्याच तोंडून आलं, तरी मला ते कुणीतरी हातात दिल्यासारखं वाटलं.

ती बाई देवाने धाडली, की टोपली भरलेली होती म्हणून तिने मला हाक मारली, ह्याचा काथ्याकूट मी करत नाही. मला एवढं समजलं की मी ज्याला देवाला शरण जाणं समजत होते ते खरं तर जबाबदारी देवाच्या गळ्यात टाकणं होतं. शरण गेल्यावर भीती जाते असंही नाही. ती घेऊनच पुढे जायचं असतं. आता मी काकूंकडे बसते तेव्हा श्वास जसा येईल तसा येऊ देते.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा अंग ठणकत होतं आणि दादाचं काय झालं ते कोणी सांगत नव्हतं. नवी किडनी बसवली तरी ती काम करतेय हे लघवी सुरू झाल्यावरच कळतं. दादाला तर कित्येक महिन्यांत थेंबभरसुद्धा होत नव्हती. मी छताकडे बघत पडून होते. तेवढ्यात वहिनी धावत आली. आयुष्यभर चारचौघांत मोठ्याने न बोललेली ती बाई सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली, "अगं, झाली! पिशवी भरली!" शेजारच्या खाटेवरची आजी दचकून उठून बसली. मला हसू आवरेना आणि हसलं की टाके दुखत होते. तसेच मी हात जोडले. देवाला विचारायला त्या घडीला माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि दोन्ही डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं.